दाणा आणि दागिना

रायपूरच्या सदर बाजारात धान्य विकत मिळत नाही. कोतवालीच्या चौकाकडून येणारा हा रस्ता सराफांचा. दोन्ही बाजूंना सोन्याचांदीच्या पेढ्या, पेढ्यांच्या वर राहती घरे आणि मागच्या बोळांत कारागिरांच्या भट्ट्या, अशी त्याची जुनी रचना. आता लाकडी सज्जे जाऊन काचेच्या दर्शनी भिंती आल्या आहेत. धंदा मात्र तोच आहे. तांदूळ, डाळ, तेल घ्यायचे तर येथला माणूस जवळच्या गोल बाजाराकडे वळतो. असे असूनही, घरातले धान्य संपत आले म्हणजे कुटुंबे काय काय करतात, हे मला सदर बाजाराने शिकवले.

आमचे घराणे मूळचे भंडारा जिल्ह्यातले. नागपूरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकात छत्तीसगड ताब्यात घेतल्यापासून मराठी माणसे या मुलखात येत राहिली. कोणी सरदारांबरोबर आले, तर कोणी पुढे इंग्रजी कचेऱ्यांत कारकून, वकील, शिक्षक म्हणून आले. तात्यापारा ही वस्ती आणि १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ या येण्याची आजही आठवण देतात. माझे आजोबा सरदारही नव्हते आणि वकीलही नव्हते. त्यांचे अक्षर चांगले होते आणि हिशेब चोख होता, एवढ्या भांडवलावर ते एका सराफी पेढीवर मुनीम झाले. पुढे त्याच गादीवर माझे वडील बसले. पेढीमागच्या बोळात, वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही सातजण राहत होतो.

पेढीला वर्षातून दोन ऋतू असत. कार्तिकापासून पौषापर्यंत, धान कापून विकले गेले की, खेड्यांतून शेतकरी बैलगाड्या करून येत आणि घरच्या बायकांसाठी चांदी घेत. गळ्यातला सुता, हातातल्या पिळाच्या ऐंठी, कमरेचा करधन, पायांतल्या पैरी, दंडावरची नागमोरी. आणि हात जरा सढळ असला तर पुतरी, म्हणजे आपली पुतळ्यांची माळ. मग आषाढ-श्रावण येई. पेरण्या झालेल्या असत, कोठीतले धान सरलेले असे आणि नवे पीक तीन-चार महिने दूर असे. तेव्हा तीच माणसे, फडक्यात गुंडाळलेले तेच दागिने घेऊन, पेढीच्या पायरीवर येऊन बसत. काही दागिने गहाण पडत, काही विकले जात.

लहानपणी मला वाटे, या बायकांना दागिन्यांचा किती सोस! हौस होतीच, पण सुता ही मुळात अंगावर घातलेली कोठी होती. धानाला कीड लागते, उंदीर लागतात, पाणी लागते; आणि संकटाच्या वेळी ते डोक्यावर घेऊन पळता येत नाही. चांदीला यातले काही होत नाही. मात्र ही कोठी महाग पडत असे. घेताना घडणावळ द्यावी लागे, ती विकताना परत मिळत नसे. वर डाग-कसाची तूट धरून बट्टा कापला जाई. शिवाय ज्या महिन्यांत सगळे गाव चांदी विकायला येई त्याच महिन्यांत तांदळाचा भाव चढलेला असे. म्हणजे चांदी स्वस्तात द्यायची आणि तांदूळ महागात घ्यायचा. यात कोणाची लबाडी असायलाच हवी असे नाही. पेढीचा मालक अगदी सचोटीचा असला तरी ऋतूच शेतकऱ्याच्या विरुद्ध असे.

गावांनी आपल्या परीने यावर उपाय शोधलेले होते. पौष पौर्णिमेला छेरछेरा येतो. त्या दिवशी मुले टोपल्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात आणि मागणाऱ्याला कोणी भिकारी समजत नाही. श्रीमंताघरची पोरेही मागतात. काही गावांत रामकोठी असे. पिकाच्या वेळी प्रत्येकाने थोडे धान तीत घालायचे आणि अडचणीत असलेल्याने ते न्यायचे, पुढच्या हंगामात थोडे वाढवून परत करायचे. आमच्या बोळातही याचेच धाकटे रूप होते, ते म्हणजे उसनवार. वाटीभर पीठ, मूठभर डाळ, पळीभर तेल. आई वाटी सपाट भरून देई आणि शेजारीण शिगेने भरून परत करी, किंवा उलट. या सगळ्या उपायांना एकच मर्यादा होती. एका घरी कमी पडले तर दुसऱ्या घरचे धान कामी येते. पण सगळ्यांच्याच कोठ्या एकदम रिकाम्या झाल्या तर मागायचे कोणाकडे?

सराफ्यातली माणसे तरी या फेऱ्यातून सुटली असतील, असे कोणाला वाटेल. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चीनशी झालेल्या युद्धानंतर परकीय चलनाची ओढाताण होती आणि देशात चोरून येणारे सोने थांबवायचे होते. म्हणून चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. चौदा कॅरेटचे सोने कडक, रंगाला फिके. लग्नासाठी ते कोण घेणार? गिऱ्हाईक थांबले. मोठ्या पेढ्या चांदीवर आणि साठवलेल्या पैशांवर तगून राहिल्या. पण ज्यांच्याकडे हातातल्या कसबाशिवाय काही नव्हते त्या कारागिरांच्या भट्ट्या देशभर थंडावल्या. काही ठिकाणी सोनारांनी जीव दिल्याच्या बातम्याही आल्या.

आमच्या खालच्या खोलीत एक कारागीर राहत. जाळीकामात त्यांचा हात धरणारा आमच्या बोळात कोणी नव्हता. त्या वर्षी ते गोल बाजाराच्या तोंडाशी टोपली घेऊन मुरमुरे विकू लागले. त्यांनी आधी घरातली पितळी भांडी विकली, मग बायकोच्या कानातले विकले. पण कानस, चिमटे, फुंकनळी ही हत्यारे अखेरपर्यंत विकली नाहीत. हत्यार विकले म्हणजे परत सोनार होण्याचा मार्ग बंद, हे त्यांना ठाऊक होते. अडचणीतले कुटुंब काय आधी विकते आणि काय शेवटपर्यंत राखते, यावर त्या कुटुंबाचे पुढचे आयुष्य ठरते. १९६६ मध्ये चौदा कॅरेटची अट गेली, तेव्हा ते त्याच हत्यारांनी पुन्हा कामाला बसले.

त्या काळात आणखी कोणाची उपासमार झाली, ते फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल. पहाटे पेढ्या उघडण्यापूर्वी सदर बाजारात झारेकरी येत. ही माणसे सोनारांच्या दारापुढची धूळ आणि गटारातला गाळ झाडून गोळा करत, तो गाळ लाकडी परातीत धुऊन त्यातला सोन्याचा कण वेगळा काढत. दिवसभराच्या कष्टाला एखादी गुंजही मिळत नसे, पण तेवढ्यात तांदूळ येत असे. कारागिराची कानस थांबली तशी धूळही नुसती धूळ राहिली. दिल्लीत काढलेला एखादा हुकूम किती पायऱ्या उतरून कोणाच्या परातीपर्यंत पोहोचतो, हे तो हुकूम काढणाऱ्याला दिसणे कठीणच असते.

मग १९६५ चा पावसाळा कोरडा गेला. १९६६ चाही तसाच गेला. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. त्या वाडग्यात आता अमेरिकेचा लाल गहू पडू लागला. पीएल ४८० या कराराखाली हा गहू जहाजांतून येत होता आणि १९६६ या एका वर्षात देशाने बाहेरून सुमारे एक कोटी टन धान्य आणले. त्याच्या आदल्या वर्षी लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते आणि ते पुष्कळ घरांनी मनापासून पाळले होते. भंडाऱ्याला आमच्या मामाकडे थोडे धान पिकले होते. पण धान्य एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर तेव्हा निर्बंध होते. १९५६ पर्यंत भंडारा आणि रायपूर एकाच राज्यात होते. राज्य पुनर्रचनेत मध्ये सीमा आली, आणि मामाने भरून ठेवलेले पोते त्या सीमेपलीकडे राहिले. आजी म्हणे, “पोरीचे माहेर परदेशात गेले.”

लाल गव्हाची पोळी लाटता लाटता फाटे आणि निवली की चामड्यासारखी होई. आम्हा मराठी घरांना पोळीची सवय तरी होती. आजूबाजूच्या छत्तीसगडी बायकांना रोज रात्री गव्हाचे काय करावे, हा प्रश्नच होता. आईने त्यांना कणीक दोन तास आधी भिजवून ठेवायला शिकवले. त्यांनी आईला बासी शिकवली. रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची यांच्याबरोबर त्या पाण्यासकट खायचा. थोड्या भातात पोट भरते आणि ऊन सोसते. भाताचे काढलेले पाणी आमच्याकडे पेज म्हणून आजाऱ्याला देत. त्यांच्याकडे तो पसिया रोजच्या जेवणात असे. चांगला तांदूळ परवडेना तेव्हा गिरणीवरची कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ आणला जाई. तुरीच्या डाळीऐवजी तिवरा आला. तिवरा म्हणजे भंडाऱ्याकडची लाखोळी, त्यामुळे आई त्याला दचकली नाही. पण ती डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात हेही तिला माहीत होते. ती डाळ उकळून पहिले पाणी फेकून देई आणि आठवड्यातून दोनदाच करी. बाकीचे दिवस उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली भाजी आणि कोहळ्याचे सांडगे यांवर निभत.

या काळात आमच्या घरी उपास वाढले. आजीचे सोमवार आणि एकादशी आधीपासून होत्या. त्यांत गुरुवार आला, मग चतुर्थी आली, मग शनिवार आला. आई तिच्याबरोबर धरू लागली. गंमत अशी की या उपासांना फराळ नसे. साबुदाणा आणि भगर तांदळाहून महाग होती. पुरुषांचे आणि मुलांचे ताट पूर्वीसारखेच वाढले जाई, त्यामुळे बाबांना बरेच दिवस काही कळले नाही. देवाचे नाव घेतले की घरात कोणी प्रश्न विचारत नसे. त्या काळी बोळातल्या कोणत्याही घराच्या डब्यात किती धान्य आहे, हे घरच्या बायका आठवड्यातून किती दिवस उपास करतात यावरून मी सांगू शकले असते. आजही दुष्काळाच्या कथांत हे उपास भक्तीच्या सदरात मांडले जातात याचे मला वाईट वाटते.

१९६६ च्या श्रावणात पेढीवर विकणाऱ्यांची रीघ होती आणि घेणारा कोणी नव्हता. शेठजींनी सगळ्या नोकरांचे पगार निम्मे केले. एका दुपारी आईने पाटल्या काढल्या आणि मला बरोबर घेऊन ती खाली उतरली. दुसऱ्या पेढीवर जाण्याचा विचार तिने केला होता. पण सदर बाजारात कोणती गोष्ट लपते? तेव्हा ती बाबांच्याच पेढीवर गेली. तिला पाहून बाबा उठून उभे राहिले, मग पुन्हा बसले. शेठजींनी स्वतः वजन केले आणि घट धरली नाही. त्यांच्याकडून तेवढे झाले. नोंद मात्र बाबांनाच करावी लागली. त्यांनी विकणाऱ्याच्या रकान्यात आईचे नाव लिहिले, पत्त्याच्या रकान्यात आमचा बोळ लिहिला. नग दोन, वजन, भाव, रक्कम. विकण्याचे कारण लिहायला त्या चोपडीत रकाना नव्हता. आई पदर सावरून म्हणाली, “अहो, सही कुठे करू?” बाबांनी बोट ठेवून जागा दाखवली.

त्या पैशांतून कनकीचे एक पोते, हरभऱ्याची डाळ आणि भावाची परीक्षेची फी झाली. पुढे चैत्रातल्या हळदीकुंकवाला कोणी विचारले तर आई सांगे, “पीठ मळताना टोचायच्या गं, काढून ठेवल्यात.”

महाराष्ट्रात १९७२ साली मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. माझी मावशी मराठवाड्यात होती. तिची पोस्टकार्डे येत. बाहेरून आलेल्या मिलो नावाच्या लालसर ज्वारीविषयी ती लिही, रस्त्याच्या कामावर मिळणाऱ्या सुकडीविषयी लिही, आणि खडी फोडून हाताला आलेल्या फोडांविषयी एकदाच लिहिले होते. पण त्या पत्रांत एक गोष्ट आमच्या १९६६ पेक्षा निराळी होती. मावशीने दागिने विकले नव्हते. सरकारी कामावर मजुरी मिळत होती, आणि ती मिळेल अशी खात्री होती. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना महाराष्ट्रात रुजली आणि पुढे तिचा कायदा झाला. २००५ साली देशाने ग्रामीण रोजगाराचा जो कायदा केला, त्याच्या मुळाशीही हीच योजना होती.

शिक्षिका झाल्यावर कितीतरी वर्षांनी मी अमर्त्य सेन यांच्या विवेचनाविषयी वाचले. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाचा अभ्यास करून त्यांनी १९८१ साली दाखवून दिले की, लाखो माणसे मेली ती धान्य नव्हते म्हणूनच नव्हे. असलेल्या धान्यावर त्यांचा हक्क पोहोचत नव्हता. भाव चढले, मजुरी चढली नाही. कोळी, शेतमजूर, कारागीर यांच्या हाती धान्याच्या बदल्यात देण्यासारखे काही उरले नाही. मला खालच्या खोलीतले कारागीर आठवले. गोल बाजारात तांदूळ होता. त्या तांदळापर्यंत पोहोचण्याची त्यांची वाट तेवढी मोडली होती.

लग्नानंतर मी जवळच बुढापाऱ्यात राहू लागले. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई महानदीकाठच्या एका खेड्यातून दुष्काळात शहरात आलेल्या होत्या. ‘खाने-कमाने जाणे’ असा येथे शब्दच आहे. गाव सोडून पोटासाठी बाहेर पडणे इतके नेहमीचे की त्याला क्रियापद मिळाले. त्यांच्याकडे सासूने दिलेला चांदीचा सुता होता. दर आषाढात तो सदर बाजारात गहाण पडे आणि पौषाच्या आसपास व्याज भरून सुटे. वीस वर्षांत व्याजापोटी त्यांनी त्या सुत्याची किंमत दोनदा तरी भरली असेल. त्यांच्याकडे रेशनकार्ड होते, पण ते नावापुरते. त्यांच्या वस्तीतले दुकान महिन्यातून दोन-तीन दिवस उघडे. कधी माल आला नाही, कधी तुमचा कोटा संपला, कधी तांदळाऐवजी रॉकेलच घ्या. दुकानदाराला धान्य बाहेर विकण्यात फायदा आणि कार्डधारकाला देण्यात तोटा असेल, तर याहून वेगळे काय होणार?

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाले. २००४ साली नव्या सरकारी आदेशाने रेशनची दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि बायकांचे बचत गट यांच्याकडे देण्यास सुरुवात झाली. धान्य वाहणारे ट्रक पिवळ्या रंगाने रंगवले, म्हणजे तो ट्रक भलत्याच गोदामापुढे उभा असला तर कोणालाही ओळखू यावा. हा उपाय मला फार आवडला. त्याला यंत्र लागत नाही की इंग्रजी लागत नाही. २००७ मध्ये गरीब कुटुंबांना महिन्याला ३५ किलो तांदूळ तीन रुपये किलोने मिळू लागला, आणि २००९ पासून दोन रुपये व अतिगरिबांना एक रुपया असा भाव झाला. छत्तीसगडीत तांदळाला चाउर म्हणतात. लोकांनी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे नावच ‘चाउरवाले बाबा’ ठेवले. २०१२ मध्ये रायपूर शहरात आपल्या पसंतीच्या कोणत्याही दुकानातून धान्य घेण्याची सोय सुरू झाली. दुकानदार उद्धटपणे बोलला तर पुढच्या महिन्यात दुसरीकडे जाता येऊ लागले. त्याच वर्षी डिसेंबरात राज्याने अन्नसुरक्षेचा स्वतःचा कायदा केला. देशाचा कायदा त्यानंतर २०१३ साली झाला. या कायद्याने घरातली वयाने मोठी स्त्री ही कार्डाची प्रमुख ठरली.

पस्तीस किलो तांदूळ त्या बाईंच्या सहा माणसांच्या घरी वीस-बावीस दिवस पुरे. उरलेल्या दिवसांचा तांदूळ बाजारातून घ्यावा लागे, पण तेवढा झेपत असे. आषाढ आला तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “एसो सुता नइ जाय, दीदी.” या वर्षी सुता जायचा नाही. तो गेला नाही. पुढच्या वर्षीही गेला नाही. नवे कार्ड आले, त्यावर त्यांचे स्वतःचे नाव प्रमुख म्हणून छापलेले होते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी ते सुत्याच्याच डब्यात ठेवले.

स्वस्त तांदळाने माणसे आळशी झाली, मजूर मिळेनासे झाले, असे सदर बाजाराच्या गाद्यांवर बसून बोलणारे मी पुष्कळ ऐकले आहेत. त्या बाईंनी काम एक दिवसही कमी केले नाही. एवढेच झाले की पगार महिना-महिना लांबवणारे एक घर त्यांनी सोडले आणि आमच्याकडे वाढ मागितली. पूर्वी असे करण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती, कारण पुढचे पंधरा दिवस खायचे काय हा प्रश्न तोंडावर असे. आमच्याही घरात वाढ देताना थोडी कुरकुर झाली; पण ती रास्त होती आणि आम्ही दिली.

म्हणून सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा त्यांचा मुलगा हैदराबादला बांधकामावर होता. कार्ड रायपुरात, आणि तो तेथे. त्या उन्हाळ्यात परतणाऱ्या मजुरांचे लोंढे टाटीबंध चौकात येऊन थांबत. शहरातली माणसे तेथे त्यांना जेवण, पाणी, चपला देत होती. मुलगा त्याच चौकात उतरला आणि उरलेले अंतर चालत घरी आला. सरकारने एप्रिलपासून माणशी पाच किलो धान्य फुकट दिले ते घराला लाभले; ज्याने पैसे पाठवायचे त्याला वाटेत ते मिळाले नाही. पुढे देशात कोठेही कार्ड चालण्याची योजना आली आणि २०२२ मध्ये छत्तीसगड तीत सामील झाले. आता अंगठ्याचे यंत्र आहे. जन्मभर राखेने भांडी घासलेल्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. यंत्र तीन-तीनदा नकार देते आणि रांगेतले लोक चुळबुळ करतात. नातीचा अंगठा लागतो म्हणून तिला बरोबर न्यावे लागते.

ताटात काय आहे हा प्रश्नही उरतोच. जानेवारी २०२३ पासून तांदूळ फुकट आहे, पण डाळ बाजारातूनच आणायची. २०१५ मध्ये तुरीच्या डाळीचा भाव किलोला दोनशे रुपयांवर गेला होता. त्या महिन्यांत त्यांच्याकडे डाळीचे नुसते पाणी होत असे, हे मला त्यांच्या नातीने सांगितले. पोट भरलेले आणि अंगात रक्त नाही, अशा मुली मी शाळेत शेवटच्या वर्षापर्यंत पाहिल्या. १९६६ साली आम्हांला भाताची चिंता होती. आता चिंता भाताशेजारच्या वाटीची आहे. जी बासी पाहुण्यांपासून लपवून खावी लागे, तिचा २०२२ च्या १ मे रोजी राज्यभर दिवस साजरा झाला. मोठमोठ्या माणसांनी बासी खातानाची छायाचित्रे काढून घेतली. बाईंनी ती वर्तमानपत्रात पाहिली आणि विचारले, “कांदा कुठे आहे यांच्या ताटात?”

सदर बाजारात गहाणवट आजही चालते. पेढ्यांच्या जोडीला सोन्यावर कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या पाट्या लागल्या आहेत. मी ओळखीच्या पेढीवर बसते तेव्हा कोण कशासाठी आले आहे, ते कानावर पडते. ऑपरेशन, कॉलेजची फी, बोअरवेल, मोटारसायकलचा हप्ता. तांदळासाठी आलेले मात्र अलीकडच्या वर्षांत मी कोणी पाहिले नाही.

गेल्या आषाढात तो सुता पुन्हा डब्यातून निघाला. बाईंना आता चालवत नाही, म्हणून मीच त्यांच्याबरोबर गेले. नातीला नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता आणि पहिल्या वर्षाची फी शुक्रवारपर्यंत भरायची होती. तरुण मुनीमाने सुता इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला, संगणकात वजन भरले आणि पावती छापून दिली. बाईंनी ती नातीच्या हातात दिली आणि व्याज दरमहा किती ते तिला मोठ्याने वाचायला सांगितले.